फणसावरचं कुंकू

माझ्या उजव्या हाताच्या बोटाला एकदा कुंकू लागलं होतं आणि ते मी पँटला पुसलं होतं. एवढीच गोष्ट आहे, पण ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही. चौकशी समितीपुढे तर नाहीच. ज्या माणसाला सांगायला हवी होती त्यांनी ती मला एकदा सरळ विचारली, तेव्हाही नाही. मी गप्प बसलो म्हणून तो माणूस नोकरीची शेवटची वर्षं स्टोअरमधल्या खोक्यांवर लेबलं चिकटवत राहिला. आणि त्यांच्या बायकोनं, आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणायचो, झाल्या प्रकाराचा दोष स्वतःच्या पदरात बांधून घेतला. तो अजून तिथेच आहे.

पण आधी अण्णा सांगायला हवेत. त्यांच्याशिवाय त्या कुंकवाचा अर्थ लागायचा नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बेंगळुरूतल्या एका सरकारी संस्थेत मी नवा इंजिनियर म्हणून लागलो होतो. संस्थेचं नाव लिहीत नाही. आमच्या विभागात लहान विमानांची कामं चालत, आणि त्या विभागाच्या वर्कशॉपचे फोरमन होते अण्णा. मराठी माणूस, पण बेंगळुरूची चौथी पिढी. पणजोबा कुठल्याशा पलटणीबरोबर आले आणि हवा आवडली म्हणून राहिले, असं ते सांगायचे. त्यांची मराठी ऐकून पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं. “स्वल्प सरक की रे,” असं म्हणून त्यांनी मला बाजूला केलं. मग माझ्या हातातलं काम बघून म्हणाले, “पुण्याचा ना? वाटलंच. हात कमी, तोंड जास्त.” तेव्हापासून मला त्यांनी नावानं कधी हाक मारली नाही. ‘इंजिनियर’ म्हणायचे, आणि त्या शब्दात कौतुक किती आणि टोमणा किती, हे दर वेळी नव्यानं ठरवावं लागे.

बुटका, काळासावळा, भुवया वेल्डिंगच्या ठिणग्यांनी अर्ध्या जळालेल्या. वर्कशॉपच्या दारात चपला काढून आत अनवाणी. सुरक्षा अधिकारी ओरडला की बूट घालत, तो गेला की काढत. घड्याळ नव्हतं. वेल्ड निवायला किती वेळ द्यायचा हे ते औटकी म्हणून मोजत. आमच्या आजोबांच्या पिढीनं पाठ केलेली ही साडेतीनची उजळणी. एक औट साडेतीन, बे औट सात, तीन औट साडेदहा. “पातळ पत्र्याला एक औटकी, जाड पाईपाला तीन,” हे त्यांचं शास्त्र. मी एकदा गुपचूप घड्याळ लावून बघितलं. तीन औटक्यांना लागणारा वेळ सकाळी आणि दुपारी तंतोतंत सारखा निघाला. त्यांनी माझं मनगट बघितलं होतं. म्हणाले, “काय, घड्याळ बरोबर आहे का तुझं?”

आमच्याकडे तेव्हा काम आलं होतं ते चार माणसांच्या एका विमानाच्या हीटरचं. उत्तरेतल्या डोंगरी भागात औषधं पोचवायची आणि रुग्ण खाली आणायचे, अशी योजना होती. विमान चांगलं होतं, पण वर गेलं की आतल्या माणसांचे दात वाजत. पुढच्या दोघांच्या पायांना जेमतेम कोमट हवा मिळे, मागच्यांना तीही नाही. आणि हे सुधारायचं कुठे, तर बेंगळुरूत. ज्या गावात लोक जानेवारीत एक स्वेटर बाहेर काढतात आणि आठवडाभर त्याबद्दल बोलतात.

“मागे कोण बसणार?” अण्णांनी पहिल्याच बैठकीत विचारलं.

साहेब म्हणाले, “पॅसेंजर.”

“पॅसेंजर नाही, सर. पेशंट. आडवा पेशंट. पायलटला ऊब आणि पेशंटला बर्फ, असला हीटर आपण करायचा नाही.”

बैठक संपली आणि त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं. “तू थंडी बघितली आहेस का?”

“पुण्यात असते की.”

“ती पुण्याच्या पेपरात असते. चल.”

ते राहायचे यशवंतपूरला. तिथल्या घाऊक बाजारात एका चिंचेच्या व्यापाऱ्याचं शीतगृह होतं. पोत्यांच्या थप्प्या, आंबट वास, आणि हाडांत शिरणारा गारवा. अण्णांनी त्या व्यापाऱ्याला काय सांगितलं कोण जाणे, पण पुढचे पंधरा दिवस आम्ही रोज सकाळी तिथे दोन वेताच्या खुर्च्या मांडून बसायचो. समोर प्लायवूडची, केबिनच्या मापाची पेटी. अण्णा पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून अनवाणी बसत. मी स्वेटरवर स्वेटर, मफलर, मोजे घालून जाई.

व्यापारी रोज डोकावून जायचा. “अण्णा, चिंच टिकावी म्हणून थंडी आहे. तुम्ही कशाला बसता?”

“मी पण जुना झालो ना. टिकतो का बघतो.”

त्या पंधरा दिवसांत ते एक गोष्ट पुन्हा पुन्हा बोलले: थंडी माणसाला घोट्यापासून धरते. घोटा उबदार असेल तर नाक गार असलं तरी माणूस तक्रार करत नाही. आमच्या जाड पुस्तकांत घोट्याचा उल्लेख नव्हता. मी तो माझ्या पहिल्या अहवालात घातला, भारदस्त इंग्रजीत, आणि साहेबांनी मला शाबासकी दिली. अण्णांना मी अहवाल दाखवला तेव्हा ते म्हणाले, “छान लिहिलंस. माझा घोटा फार शिकलेला दिसतो यात.” तेव्हाच मी ओळखायला हवं होतं, की त्यांचं घेऊन स्वतःचं म्हणायची मला सवय लागते आहे.

हीटर मोठा करण्याआधी त्यांनी दोन आठवडे नुसत्या फटी शोधल्या. आम्हा इंजिनियरांना घाई होती. त्यांचं म्हणणं, आधी दार लावा, मग चुलीचं बघू. विमानासमोर मोठा पंखा लावायचा, दारं बंद करायची, आणि अण्णा आत उदबत्ती घेऊन रांगायचे. दाराच्या कडेनं, पंखांच्या सांध्यापाशी, जिथून तारा आत येतात त्या भोकांपाशी. उदबत्तीचा धूर जिथे वाकेल तिथे खडूनं फुली. दोन दिवसांत केबिन आतून फुल्यांनी भरून गेली आणि सगळ्या हँगरला चंदनाचा वास सुटला.

आमचे वैमानिक, आम्ही त्यांना नुसतं कॅप्टन म्हणायचो, पंजाबी होते. दार उघडून आत वाकले. “अरे, ये जहाज़ है या मंदिर?”

अण्णांनी रांगत रांगतच उत्तर दिलं, “मंदिरच है साब. गाभारे में हवा नहीं आना मंगता.”

त्या फटी नमद्यानं आणि रबरानं बुजवल्या, तेव्हा हीटरला हात न लावता केबिन बदलली. कॅप्टन एक फेरी मारून आले आणि म्हणाले, पहिल्यांदाच मान आखडली नाही. अण्णांनी फक्त मान हलवली. “आता चूल.”

ती चूल कशी असते ते सांगतो. लहान विमानात ऊब येते ती इंजिनाच्या धुरापासून. एक्झॉस्टचा पाईप भयंकर तापतो. त्याच्याभोवती पत्र्याचं जॅकेट घालतात. बाहेरची हवा त्या जॅकेटमधून पाईपाला चाटून जाते, तापते आणि नळीतून केबिनमध्ये येते. धूर पाईपाच्या आत, हवा बाहेर, मध्ये फक्त एक पत्रा. त्या पत्र्याला सुईएवढं भोक पडलं तरी धुरातला विषारी वायू उबेबरोबर आत शिरतो. त्याला रंग नसतो, वास नसतो. माणसाला आधी डोकं जड वाटतं, मग झोप येते.

हवेनं पाईपाची जास्त उष्णता उचलावी म्हणून अण्णांनी पाईपाला बाहेरून शेकडो लहान सळ्या वेल्ड केल्या. एकेक सळी हातानं. पूर्ण झालेला तो काटेरी पाईप टेबलावर ठेवून ते बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, “फणस.” तेव्हापासून सगळं वर्कशॉप त्याला फणसच म्हणू लागलं. फणसानं काम केलं. जमिनीवरच्या चाचण्यांत नळीच्या तोंडाशी हात धरवेना. त्यातली निम्मी हवा त्यांनी एका नव्या नळीनं थेट मागच्या सीटच्या पायाशी नेली होती.

पण प्रत्येक सळी म्हणजे एक वेल्ड, आणि प्रत्येक वेल्ड म्हणजे भोक पडायची एक जागा. म्हणून फणसाला एकदा जरी वेल्डिंगचा हात लागला तरी पुन्हा पूर्ण तपासणी, हा अण्णांचा कायदा. पाईपाची तोंडं बंद करायची, ब्लोअरनं आत हवा भरायची, आणि बाहेरून रिठ्याचं पाणी लावत जायचं. भोक असेल तिथे फुगा येतो. साबण का नाही? “साबण खोटे फुगे काढतो. रिठा खरं बोलतो.” तीन तास लागायचे. फुगा नाही निघाला की अण्णा खिशातून एक बाटली काढून पाईपाच्या तोंडाशी लाल ठिपका लावायचे. ती बाटली नेलपॉलिशची. चिकपेटच्या दुकानदारानं विचारलं होतं, कुठली शेड देऊ, मॅडमचा रंग कसा आहे? अण्णा म्हणाले, “मॅडम लोखंडी आहे.” अक्कांनी मात्र आयुष्यात कधी नखं रंगवली नाहीत.

नियमानं तपासणीची नोंद वहीत व्हायला हवी. अण्णांचा ठिपका जागच्या जागी लागायचा आणि वही शनिवारी, सगळ्या आठवड्याची एकदम. सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे ठिपका बघायचे, वही कुणी बघत नसे.

मला त्यांनी शिकवलं ते पहिल्या दिवसापासून एकच: “डोळ्यानं बघू नको. बोटानं बघ. डोळा खुशामत करतो, इंजिनियर. बोट नाही करत.” वेल्ड असो, सांधा असो, रंग असो, मी आधी बोट फिरवायचो. अजूनही फिरवतो. दुकानात कपडा घेतानासुद्धा. बायको हसते.

त्या वर्षी गणपती झाल्यावर एक दिवस त्यांनी कॅन्टीनमध्ये बाय-टू कॉफी मागवली. एक कॉफी दोघांत, ही त्यांची पद्धत; पूर्ण कॉफी एकट्यानं पिणाऱ्याला ते कंजूष म्हणायचे. कॉफी संपल्यावर खिशातून नवी कोरी नेलपॉलिशची बाटली काढून माझ्यासमोर ठेवली. “ही तुझी. आता तू लावलास ठिपका तरी चालेल मला. मी परत बघणार नाही.” वर्कशॉपमध्ये वीस वर्षं काढलेल्यांना त्यांनी ती दिली नव्हती.

ती बाटली माझ्याकडे अजून आहे. आतला रंग दगड झाला आहे.

दसरा आला. आयुधपूजेच्या, म्हणजे आपल्या खंडेनवमीच्या, आदल्या दिवशी अण्णांना फणसाची एक सळी सैल वाटली. त्यांनी ती काढून पुन्हा वेल्ड केली. तपासणी राहिली, कारण तोवर ब्लोअर धुऊन पूजेला मांडला होता. बेंगळुरूत आयुधपूजेला मांडलेल्या हत्याराला दसरा उलटेपर्यंत कुणी हात लावत नाही. अण्णा तर नाहीच. मला म्हणाले, “दसरा उलटला की फुगे बघायचे, मग ठिपका. मी नसेन. पोरीसाठी स्थळ बघायला धारवाडला जातोय. तू बघशील ना?”

“बघतो, अण्णा.”

पूजेला घरची माणसं आली होती. अक्का दर वर्षी यायच्या, जरीकाठी लुगडं नेसून, हातात कुंकवाचा करंडा. लेथ, ड्रिल, वेल्डिंगचा सेट, एकेका यंत्राला त्या कुंकू लावत गेल्या. लिंबं फुटली, कोहळा फुटला. टेबलावरच्या फणसापाशी त्या थांबल्या. “ह्याला कुठे लावू हो? सगळे काटेच.”

अण्णा हसले. “मी लावतो तिथेच लाव. तोंडाशी.”

त्यांनी बरोबर त्या जागी लावलं. गोल, लाल, अण्णांच्या ठिपक्याएवढं. मग मला प्रसाद देऊन म्हणाल्या, “तम्मा, पुण्याला चाललास म्हणे, मुलगी बघायला? छान दिसेल असा शर्ट घाल.” तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. त्या मला तसंच म्हणायच्या.

हो, मी मुलगी बघायला जाणार होतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळच्या गाडीनं.

त्या दिवशी सकाळी साहेबांनी सांगितलं की विमान दुसऱ्या दिवशी उत्तरेला निघतंय. फणस दुपारपर्यंत बसायला हवा. मी टेबलाशी गेलो. ब्लोअरवर झेंडूची माळ होती. ती काढायची, तोंडं बंद करायची, रिठे भिजवायचे, तीन तास. मग फणस बसवायला आणखी तीन. गाडी गेली असती. मी फणसाकडे बघितलं. तोंडाशी लाल ठिपका. मनात आलं, अण्णांनी जाण्याआधी कदाचित तपासलाही असेल. मग सवयीनं बोट पुढे गेलं.

ठिपका पुसला गेला. बोट लाल झालं. नेलपॉलिश पुसली जात नाही.

मी बोट पँटला पुसलं, फणस बसवला आणि बसवणाऱ्याच्या रकान्यात सही केली. गाडी मिळाली. मुलगी पसंत पडली. ती माझी बायको.

अण्णा धारवाडहून परतले तेव्हा विमान गेलं होतं. चाचणीच्या उड्डाणाला ते स्वतः बसणार होते, मागच्या सीटवर, पेशंटच्या जागी. दिल्लीची गाडी धरायच्या आधी त्यांनी साहेबांना विचारलं, “फणसाचे फुगे बघितले?” साहेब म्हणाले, “इंजिनियरनं सही केली आहे.” अण्णा म्हणाले, “त्यानं केली? मग सरी.” आणि गेले. हे साहेबांनी नंतर मला सहज सांगितलं. मला ते दोन शब्द पाठ आहेत: ‘मग सरी’, म्हणजे मग ठीक आहे.

पुढचं मला कॅप्टनकडून कळलं. खालच्या मुलखात हीटरची कळ बंदच होती. वर, डोंगरात, ऑक्टोबरातच पहाटे पाणी गोठणाऱ्या धावपट्टीवरून ते उडाले, उंची गाठली आणि पहिल्यांदा हीटर पूर्ण उघडला. कॅप्टन म्हणाले, आयुष्यात इतकी छान ऊब लहान विमानात बघितली नव्हती. मागे अण्णा अनवाणी, घोट्याशी थर्मामीटर, आणि तोंडानं औटकी चालू. कॅप्टनना ती पाठ व्हायला आली होती. पाच औट साडेसतरा. सहा औट एकवीस. सात औट... आणि थांबले. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा सातापाशी थांबले. कॅप्टन म्हणाले, मला वाटलं म्हातारा डुलकी घेतोय. मलाही छान गुंगी येत होती. तेवढ्यात मागून त्यांच्या खांद्यावर जोरात थाप पडली. “साब! सात औट नहीं आता! चूल बंद करो, खिडकी खोलो!”

कॅप्टननी कळ बंद केली, खिडक्या उघडल्या आणि त्या बर्फगार वाऱ्यात कसंबसं विमान उतरवलं. उतरल्यावर दोघांना ओकाऱ्या झाल्या. कॅप्टन चार दिवसांत बरे झाले. अण्णांना दवाखान्यात दोन आठवडे लागले. ते मागे होते, आणि सगळ्यात जास्त ऊब मागेच जात होती. ती त्यांनीच तिकडे नेली होती.

फणस कापून बघितला. पूजेच्या आदल्या दिवशी वेल्ड केलेल्या त्या एका सळीच्या बुडाशी भोक होतं. रिठ्याच्या पाण्यात पहिल्या पाच मिनिटांत दिसलं असतं.

समितीत तीन माणसं होती. मला विचारलं, पाईप बसवताना तपासणीची खूण होती का?

“होती, सर. लाल ठिपका होता.”

एवढंच. शब्दानं बघायचं तर त्यात खोटं काही नाही. मग अण्णांना विचारलं, ठिपका तुम्ही लावला होता? अण्णा नुकतेच दवाखान्यातून आलेले, चेहरा ओढलेला. “नाही, सर. मी तपासलाच नव्हता.” जरा थांबून त्यांनी विचार केला, आणि मग स्वतःच म्हणाले, “आमच्या घरच्यांनी पूजेचं कुंकू लावलं होतं. त्याच जागी.” आमच्यात काय बोलणं झालं होतं, ‘तू बघशील ना’ आणि ‘बघतो, अण्णा’, ते त्यांनी सांगितलं नाही. मी वाट बघत होतो. आता सांगतील, आता सांगतील. ते उठून गेले.

सगळा दोष ठिपक्यावर पडला. तपासणीची खासगी, बेकायदा खूण. वही वेळेवर भरली नाही. पूजेच्या कुंकवाशी घोटाळा. फणस नामंजूर झाला, मागच्या सीटची नळीही त्याच्याबरोबर गेली. अण्णांना वर्कशॉपमधून काढून स्टोअरमध्ये बसवलं. मला ‘यापुढे काळजी घ्यावी’ असं एक पत्र मिळालं, आणि दोन वर्षांनी बढती.

महिन्याभरानं मी यशवंतपूरला त्यांच्या घरी गेलो. धीर गोळा करून गेलो होतो. सांगायचंच म्हणून. अण्णा पडवीत बसले होते, पायात लोकरी मोजे. त्यांना मी कधी मोज्यांत बघितलं नव्हतं. म्हणाले, “आता थंडी वाजते रे. बेंगळुरूत! चिंचवाला ऐकेल तर हसेल.” मग औटकी म्हणून दाखवली. सातापाशी अडले. हात उडवून म्हणाले, “सातापर्यंत येते. स्वल्प पुढे कुठे सांडते कळत नाही.”

मी काही बोलायच्या आत त्यांनीच विषय काढला. “हे बघ, कुंकू लाल, पॉलिश पण लाल. कुणाचंही चुकेल. मला एकच सांग. बोट लावून बघितलं होतंस का?”

अक्का कॉफी घेऊन दारात उभ्या होत्या. दोन पेल्यांत एक कॉफी.

“नाही, अण्णा,” मी म्हणालो.

त्यांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं. रागावून नाही. पत्र्याचा एखादा तुकडा का फाटला असेल ते शोधताना बघायचे, तसं. मग म्हणाले, “मग माझंच शिकवणं कमी पडलं.”

“तुमचं शिकवणं नाही हो,” अक्का पेले खाली ठेवत म्हणाल्या, “माझं कुंकूच जास्त झालं. जिथे तिथे लावत सुटते.”

अण्णा म्हणाले, “गप गं.” आणि माझा पेला माझ्याकडे सरकवला. मी ती कॉफी प्यायलो.

ते निवृत्त होईपर्यंत मी स्टोअरमध्ये जायचो. काहीतरी सुटं सामान घ्यायचं निमित्त काढून. ते खोक्यांवर स्वतःच्या अक्षरात लेबलं लावत बसलेले असत. प्रत्येक वेळी खोक्यातला स्क्रू माझ्या तळहातावर ठेवून म्हणायचे, “बघून घे, इंजिनियर.” मी बोट फिरवून बघायचो. ते माझ्या बोटाकडे बघायचे. त्यांना कळलं होतं का, हे मला आजही सांगता येत नाही. कधी वाटतं, पहिल्या दिवसापासून कळलं होतं आणि ते मला रोज एक संधी देत होते. कधी वाटतं, असं वाटणं हाही माझाच सोयीचा विचार. त्यांनी माझ्यावर सरळ विश्वास ठेवला होता, आणि ते जास्त वाईट आहे.

अण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली. आज लहान विमानांत मागच्या सीटपर्यंत ऊब नेणारे हीटर बघतो तेव्हा नळीच्या तोंडाशी हात धरतो. कुणी विचारलं तर म्हणतो, सवय आहे.

अक्का के. आर. पुरमला लेकीकडे असतात. धारवाडचं ते स्थळ जुळलं होतं. जावई भला माणूस आहे. मागच्या दसऱ्याला मी कोरमंगल्याहून त्यांना भेटायला गेलो. अंगणात जावयाची स्कूटर धुऊन, माळ घालून उभी केली होती. लेक करंडा घेऊन बाहेर आली. अक्का उंबऱ्याच्या आतच बसून होत्या.

मी म्हटलं, “अक्का, तुम्ही नाही लावत?”

“नको रे तम्मा. पोरांची गाडी आहे. माझ्या हातचं नको. त्या वर्षापासून मी यंत्राला कुंकू लावत नाही.” मग नेहमीसारखं विचारलं, “कॉफी घेशील ना? बाय-टू?”

वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. मी हो म्हणालो, कॉफीला. अर्धी प्यायलो आणि घरी आलो.

मी अक्कांचं देणं लागतो ते हे: तुमच्या कुंकवानं कुणी फसलं नाही. मी बोट लावलं होतं, ते लाल झालं होतं, आणि ते कुंकू आहे हे मला कळलं होतं.